पूर्ण बाह्यांचा शर्ट

मे महिन्यात रत्नागिरीजवळच्या आमच्या आरे-वारेला पूर्ण बाह्यांचा शर्ट कोणी घालत नाही. समुद्र समोर असला तरी दुपारचा वारा पडला की अंगाला नुसती चिकचिक सुटते, खळ्यात अनवाणी पाऊल ठेववत नाही. अशा दिवसांत माझा आठ वर्षांचा मुलगा गणपतीत घेतलेला शर्ट, मनगटाचं बटण लावून, दोन दिवस घालून फिरत होता. मी ते बघितलं होतं. पण आंब्याच्या पेट्या भरायच्या होत्या, घरात मुंबईची माणसं आली होती, म्हटलं असेल एखादा हट्ट. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी न्हाणीत त्याच्या अंगावर पाणी ओतताना डाव्या मनगटाच्या वर दोन खपल्या दिसल्या. तांदळाच्या कणीएवढ्या.

"हे काय रे?"

"करवंदीचा काटा लागला."

करवंदीचा काटा लांब ओरखडा काढतो. ही दोन टिंबं होती, शेजारी शेजारी. मी तांब्या खाली ठेवला आणि त्याच्यासमोर उकिडवी बसले. थोडा वेळ तो भिंतीकडे बघत राहिला, मग एकदम हुंदका फुटला. "वाळू चावली. मुद्दाम नाही चावली गं. मी तिच्या तोंडातली काठी ओढत होतो. तू तिला टाकून येशील म्हणून नाही सांगितलं." वाळू म्हणजे आमचं कुत्र्याचं पिल्लू.

आई-बाबांनो, मला तुमच्याशी बोलायचं आहे ते या शेवटच्या वाक्याबद्दल. पिल्लाच्या लसीबद्दल सांगणारच आहे, मुलाच्या लसीबद्दलही सांगणार आहे. पण या दोन्ही लसी ज्या उंबऱ्यावर अडतात तो उंबरा हा आहे.

मी अंगणवाडी सेविका. वाडीतल्या प्रत्येक बाळाचं लसीकरणाचं कार्ड माझ्या डोळ्यांखालून जातं. कोणाचा गोवराचा डोस राहिला, कोणाचा दीड वर्षाचा बूस्टर आला, मला तोंडपाठ असतं. लसीकरणाच्या दिवशी सिस्टर बर्फाच्या पिशव्या घातलेला निळा डबा घेऊन येतात आणि आशाताई घराघरांतून आयांना बोलावून आणतात. आणि माझ्याच पडवीत तीन आठवडे एक पिल्लू वाढत होतं, मुलाचं तोंड चाटत होतं, त्याच्या अंथरुणात शिरत होतं. त्याच्या लसीचा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. ते आपोआप आलं होतं, आपोआप मोठं होईल, असंच धरून चालले होते.

वाळू आम्हाला सुरूच्या बनात सापडली. शनिवार-रविवारी रत्नागिरी-गणपतीपुळे रस्त्याला गाड्यांची रीघ लागते. वरच्या वळणावर थांबून लोक दोन्ही किनारे एका नजरेत बघतात, फोटो काढतात, भजी-वडे खातात. उरलंसुरलं कुत्र्यांना मिळतं. त्यामुळे किनाऱ्याला कुत्री कायमची. त्यांतल्याच एकीची ही पिल्लं असावीत. बाकीची कुठे गेली कळलं नाही, ही एकटी सुरूच्या काड्यांमध्ये थरथरत होती, वाळूच्याच रंगाची. मुलाने टीशर्टात गुंडाळून घरी आणली. सासूबाई आधी ओरडल्या आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच तिला भात कालवून घालू लागल्या. आपल्याकडच्या बहुतेक घरांत कुत्रा असाच येतो, विकत घेऊन नव्हे.

असं पिल्लू घरात आलं की पहिली समजूत असते, "एवढंसं तर आहे, दुधाचे दात आहेत, त्याला कसला रेबीज?" ही समजूत माझीही होती. पण रेबीजला वय नसतं. पिल्लाला त्याच्या आईपासून, किंवा रात्री बनात फिरणाऱ्या दुसऱ्या पिसाळलेल्या कुत्र्याच्या, कोल्ह्याच्या चाव्यातून तो झालेला असू शकतो. आणि झालेला असला तरी आठवडेच्या आठवडे बाहेरून काही दिसत नाही. पिल्लू तुमच्या हातात येण्याआधी त्याच्यावर काय गुदरलंय, हे कोण सांगणार?

2025 साली उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहर जिल्ह्यातला एक तरुण कबड्डीपटू गेला. बावीस वर्षांचा, राज्य पातळीवर खेळलेला. गावातल्या गटारात पडलेलं पिल्लू त्याने हात घालून वर काढलं, आणि काढताना ते बोटाला चावलं. बोट दुखलं तेव्हा त्याला वाटलं, कबड्डीतच लागलं असेल. लस घेतली नाही. काही महिन्यांतच पाण्याची भीती सुरू झाली, आणि त्यानंतर कुठल्याही डॉक्टरच्या हातात काही राहिलं नव्हतं. दयाळू पोरगा होता तो. आपलीही पोरं अशीच असावीत असं आपल्याला वाटतं, म्हणून त्याची गोष्ट मला विसरता येत नाही.

रेबीजचं हेच आहे. लक्षणं दिसू लागली की तो जवळजवळ नेहमीच जीव घेतो. पण चावा आणि लक्षणं यांच्यामध्ये तो वेळ देतो. विषाणू रक्तातून धावत नाही. तो जखमेजवळच्या मज्जातंतूत शिरतो आणि त्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. बहुतेकांच्या बाबतीत त्याला दोन-तीन महिने लागतात, क्वचित आठवडाभरात पोचतो, क्वचित वर्षही घेतो. चावा डोक्याला, चेहऱ्याला, मानेला असेल तर वाट आखूड. मुलं उंचीने लहान, कुत्र्याच्या तोंडासमोर त्यांचं तोंड येतं, म्हणून त्यांच्या बाबतीत आपल्याला जास्त घाई करायची असते. या मधल्या काळात उपचार झाले तर मूल वाचतं. न सांगितलेला प्रत्येक दिवस या काळातूनच वजा होतो.

त्या संध्याकाळी सासूबाई चुन्याची डबी घेऊन आल्या. त्यांच्या लहानपणी चुना लावत, कोणी मिरचीची पूड भरत, कोणी झाडपाला बांधत. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "आई, काही लावायचं नाही, नुसतं धुवायचं." नळाखाली त्याचा हात धरला आणि कपड्याचा साबण लावून पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुतला. जखम तीन दिवसांची जुनी होती, तरी धुतली. पंधरा मिनिटं म्हणजे किती, हे एकदा मुलाचा हात धरून बघा. पाच मिनिटांत आपल्याला वाटतं झालं. पण या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं आणि साबणाने ते फुटतं. करोनाच्या वेळी आपण हात धुवायला शिकलो ते याच कारणाने. चुना-मिरचीने जखम चिडते, विषाणू आणखी आत ढकलला जातो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे प्रेमाने सांगा. त्यांनी जे केलं ते दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून केलं.

तिथून थेट दवाखान्यात. वाटेत मुलगा एकच विचारत होता, "पोटात चौदा देणार ना?" ही चौदा इंजेक्शनं त्याच्या आजोबांनी ऐकलेली, त्याने शाळेत ऐकलेली. एकेकाळी ती खरी होती. मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस पोटात टोचत असत. आपल्या देशात ती 2005 च्या सुमारास बंद झाली. म्हणजे या मुलाचा जन्म होण्याच्या कितीतरी आधी. पण भीती मात्र वाडीत अजून नांदते आहे, आणि ती आपणच जिवंत ठेवली आहे. "कुत्र्याजवळ जाऊ नकोस, चौदा टोचतील" हे वाक्य आपण किती सहज बोलतो! त्याचा परिणाम एवढाच होतो की मूल कुत्र्याजवळ जातं, आणि येऊन सांगत नाही.

आता लस दंडात देतात. सरकारी दवाखान्यात ती मोफत असते. माझ्या मुलाला त्वचेत टोचायची लस मिळाली, दोन्ही दंडांत एक एक थेंबाएवढी, पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या. स्नायूत देतात तिचे पाच डोस असतात. त्याच्या जखमेतून रक्त आलं होतं, म्हणून डॉक्टरांनी ती तिसऱ्या श्रेणीत धरली. नुसतं चाटलं आणि कातडी धड असेल तर पहिली श्रेणी, तिला धुणं पुरतं. खरचटलं पण रक्त नाही, तर दुसरी, तिला लस लागते. रक्त आलं, किंवा उघड्या जखमेवर, ओठाला, डोळ्याला लाळ लागली, की तिसरी. तिसऱ्या श्रेणीत लसीबरोबर जखमेतच आणखी एक औषध भरतात, इम्युनोग्लोब्युलिन. लसीने शरीर स्वतःची प्रतिपिंडं तयार करतं, पण त्याला आठवडा-दोन आठवडे जातात. तोवर पहारा द्यायला ही तयार प्रतिपिंडं. हे औषध छोट्या दवाखान्यात नसलं तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवतात. पाठवलं तर त्याच दिवशी जा. रत्नागिरी आपल्याला अर्ध्या तासाच्या आत-बाहेर आहे. 1885 च्या जुलैत, तेव्हा जर्मनीच्या ताब्यात असलेल्या अल्सासमध्ये राहणारी एक आई, पिसाळलेल्या कुत्र्याने चौदा ठिकाणी फाडलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन दोन दिवसांत पॅरिसला, रेबीजची लस तयार करणाऱ्या लुई पाश्चरच्या दारात पोचली होती. ज्या लसीची माणसावर खात्री झालेली नव्हती ती तिने त्याला टोचून घेतली. जोसेफ माइस्टर त्या मुलाचं नाव. तो वाचला, मोठा झाला आणि पुढे पाश्चरच्याच संस्थेत पहारेकरी म्हणून राहिला. मला पाश्चरइतकंच त्या आईचं कौतुक वाटतं.

जखमेत सुई जाताना मुलगा ओरडला. मी त्याला मांडीत घट्ट धरून होते. खोटं सांगत नाही, ते दुखतं.

मग डॉक्टरांनी विचारलं, "पिल्लू कुठे आहे?" म्हटलं, घरी आहे, खेळतंय. ते म्हणाले, "छान. दहा दिवस नजरेआड होऊ देऊ नका." त्याचं कारण ऐकलं तेव्हा मला त्या शर्टाच्या बाह्या पुन्हा आठवल्या. कुत्र्याच्या लाळेत विषाणू उतरतो तो मेंदूपर्यंत पोचल्यावरच, आणि तिथून पुढे ते जनावर दहा दिवसांपलीकडे जगत नाही. चावल्यानंतर दहा दिवस कुत्रं ठणठणीत राहिलं, तर चावलं तेव्हा त्याच्या लाळेत रेबीज नव्हता. एवढी मोठी गोष्ट सांगणारा साक्षीदार आपल्या पडवीत बांधलेला असतो, आणि आपण काय करतो? पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडून येतो. माझ्या मुलाला जी भीती होती, तेच मी रागाच्या भरात केलं असतं तर तो साक्षीदारच गेला असता. वर एखादं रोगी पिल्लू दुसऱ्या वाडीच्या पोरांमध्ये सोडल्याचं पाप. मात्र नीट ऐका, हे दहा दिवस लस लांबवण्यासाठी नाहीत. लस पहिल्या दिवशीच सुरू करायची आणि कुत्र्यावर नजरही ठेवायची. पुढचे डोस किती, ते डॉक्टर ठरवतील. अर्ध्यावर आपणहून सोडायचं नाही. देशभरात 2022-23 मध्ये झालेल्या पाहणीत दिसलं की कुत्रा चावलेल्या पाच जणांतला एक लस घेतच नाही, आणि वर्षाला साधारण 5,700 माणसं रेबीजने जातात. हे सगळे मृत्यू टळण्यासारखे आहेत.

त्या दहा दिवसांत बघायचं काय? पिसाळलेलं कुत्रं म्हणजे लाळ गाळत अंगावर धावणारं, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. दुसराही प्रकार असतो, मुका. कुत्रं कोपरा धरतं, अंधारात जाऊन बसतं, आवाज बदलतो, जबडा लोंबतो, गिळता येत नाही. लोकांना वाटतं घशात हाड अडकलं. आणि मायेने तोंडात हात घालतात. मासे खाणारी आपली घरं, आपल्या कुत्र्यांच्या घशात काटा अडकणं नवीन नाही, म्हणून हे मुद्दाम सांगते. गिळत नाही, आवाज बसलाय, वागणं पालटलंय असं दिसलं तर तोंडात हात घालू नका. दूर बांधा आणि गुरांच्या डॉक्टरला बोलवा.

वाळू दहाही दिवस धडधाकट राहिली. मुलगा रोज सकाळी उठल्या उठल्या कॅलेंडरवर एक फुली मारत होता.

आता तिच्या लसीचं. मी तिला तेव्हाच न्यायला निघाले होते, पण पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी थांबवलं. पिल्लाला आईच्या चिकात तिची प्रतिपिंडं मिळालेली असतात. आई स्वतः लस टोचलेली असेल तर तीच प्रतिपिंडं पिल्लाच्या अंगात लसीला जागा देत नाहीत. तिसऱ्या महिन्यापर्यंत ती ओसरतात. म्हणून रेबीजची पहिली लस साधारण तीन महिने पूर्ण झाल्यावर. लसीकरणाच्या मोहिमेत लहान पिल्लांनाही टोचतात, ते बरोबरच आहे, पण मग वय झाल्यावर पुन्हा द्यावी लागते. काही डॉक्टर तीन-चार आठवड्यांनी दुसरा डोस देतात. नंतर वर्षाने, आणि पुढे डॉक्टर सांगतील तसा दर वर्षी. आणि टोचली त्याच दिवसापासून कवच येत नाही, तीन-चार आठवडे धरायचे.

इथे एक फसगत होते, ती मी आमच्याच वाडीत पाहिली आहे. सहा-आठ आठवड्यांच्या पिल्लाला पहिलं इंजेक्शन देतात ते पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या आजारांचं. घरचे म्हणतात, "आमच्याचं इंजेक्शन झालंय." झालेलं असतं, पण रेबीजचं नव्हे. आपण बाळाच्या कार्डावर पोलिओ झाला म्हणून गोवर झाला असं म्हणू का? पिल्लाचंही कार्ड मिळतं. त्यावर लसीच्या बाटलीचा कागद चिकटवलेला असतो, तारीख असते. रेबीज हा शब्द त्यावर आहे का ते स्वतः वाचा. आणि लस दुकानातून आणून नेणार असाल तर बर्फातून न्या. तिला दोन ते आठ अंश थंडावा लागतो. आपल्या मे महिन्यात ती डिकीत अर्धा तास राहिली तर टोचूनही भरवसा नाही. सिस्टरचा तो निळा डबा उगाच नसतो.

म्हणजे बघा, पिल्लू घरात आल्यापासून त्याचं कवच तयार होईपर्यंत दोन-तीन महिने असे असतात की ज्यांत पिल्लाला लस नाही, आणि दात शिवशिवत असल्यामुळे ते दिसेल ते चावतं. लाडाने चावतं. याच दिवसांत मूल त्याला क्षणभर सोडत नाही. हा काळ मुलाच्या सांगण्यावरच काढायचा असतो, दुसरा पहारा नाही. ज्यांच्या घरी कुत्रा-मांजर आहे त्यांनी मुलांना आधीच रेबीजची लस देता येते का, हे बालरोगतज्ज्ञांना जरूर विचारावं. तशी लस घेतलेल्या मुलाला पुढे चावा बसला तरी थोडे डोस पुरतात आणि जखमेतलं ते दुखरं औषध लागत नाही. तरी दवाखान्यात जावं लागतंच, म्हणजे त्याने सांगावं लागतंच.

कोणी म्हणेल, एका वाळूला टोचून काय होणार, किनारा कुत्र्यांनी भरलाय. खरं आहे. पण आपल्या शेजारच्या गोव्यात काय झालं ते बघा. 2013 पासून तिथे मिशन रेबीज या संस्थेची माणसं सरकारबरोबर काम करू लागली. जाळी घेऊन गल्लोगल्ली फिरली, वर्षाला लाखाच्या आसपास कुत्र्यांना लस टोचली, शाळाशाळांत जाऊन मुलांना शिकवलं. कुत्र्यांमधला रेबीज झपाट्याने उतरला आणि 2018 पासून सलग काही वर्षं तिथे माणसाचा एकही बळी गेला नाही. कुत्री मारून नव्हे, टोचून. वस्तीतल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते. गोवा म्हणजे आपलाच समुद्र, आपलीच माती, तसेच किनारे, तशीच पर्यटकांच्या उष्ट्यावर जगणारी कुत्री. तिथे जमलं ते रत्नागिरीत न जमायला कारण नाही. आमच्या वाडीत आम्ही ग्रामसभेत मागणी केली आहे, दारच्या आणि किनाऱ्यावरच्या कुत्र्यांसाठी लसीकरणाचा एक दिवस. तुमच्या गावात तुम्हीही करा. अर्ज एका कागदाचा असतो.

पण ते होईल तेव्हा होईल. आज रात्री जेवताना एवढं करा. मुलाला जवळ घेऊन सांगा, की कुत्रा चावला, मांजराने ओरबाडलं, माकडाने नख मारलं, तर आम्ही तुला रागावणार नाही आणि तुझ्या पिल्लाला टाकून येणार नाही. सांगताना "पण" लावू नका. "रागावणार नाही, पण तू नीट वागत जा" असं म्हटलं की मूल फक्त "पण" ऐकतं. आणि हे एकदा सांगून भागत नाही. दूध सांडल्यावर, वही हरवल्यावर, पाय घसरून पडल्यावर आपण काय बोलतो यावरून मूल ठरवतं की मोठी गोष्ट या घरात सांगता येईल की नाही. माझ्या मुलाने तो शर्ट घातला तो काही एका दिवसात नाही घातला. त्याआधी कधीतरी मीच त्याला तो घालायला शिकवला असणार. हे मान्य करायला मला वेळ लागला. रात्री तो झोपल्यावर मी पडवीत बराच वेळ बसून होते, आणि वाळू माझ्या पायाशी येऊन झोपली होती.

वाळूला तीन महिने झाले त्या आठवड्यात आम्ही तिला टोचून आणलं. मुलाने तिला टॉवेलात धरलं होतं, आणि डॉक्टर मानेच्या कातडीची चिमूट धरून सुई घालत होते तेव्हा तो तिच्या कानाशी लागून म्हणाला, "पोटात नाही देत आता." तिचं कार्ड मी त्याच्या कार्डाबरोबर एकाच पिशवीत ठेवलं, देवाच्या खालच्या फळीत.

गेल्या महिन्यात मी चुलीपाशी होते. बेड्याचा आवाज झाला आणि पाखाडीवरून धावत येणारी पावलं. शेजारच्या मांजरीने पोटरीवर नखं मारली होती, लांब तांबडी रेघ उमटली होती. दारातूनच त्याने हाक मारली, "आई, साबण काढ! आणि घड्याळ लाव!"